नीलम्माची बोली

मोरबी, १ मार्च, रविवार

प्रिय अण्णा,

म्हणजे दवाखान्यातून आल्यावर पूजा करायची असली तर नीलम्मानं वॉकर ढकलत गेटपर्यंत जायचं, गेटबाहेरच्या पायरीवर टेकायचं, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, आन मग परत आत येऊन चर्चच्या खोलीत पडायचं. असंच ना? खोलीपासून गेट चाळीस पावलं हाय. माझी चाळीस, तिची आता किती होतील कुणास ठाऊक. खुब्यात सळई घातलेल्या बाईला तुम्ही ह्ये सांगणार, आन वर कागदावर लिहिणार, ‘सर्वानुमते मंजूर’. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर तसंच, हजेरीच्या वहीसारखं सरळ रेषेत. खाली सचिव म्हणून सही. आईशी तुम्ही वरणातल्या मिठावरून भांडता, माझ्याशी तर मला मिसरूड फुटायच्या आधीपासून भांडून राहिलात, आन चर्चच्या कमिटीत मात्र तुमच्या तोंडातून शब्द निघत न्हाई. वर त्याच पत्रात, दोन ओळी खाली, मला लिहिता, ‘शमुवेल, ती तुझी आई आहे हे विसरू नकोस.’ अण्णा, ती माझी आई असली तर तिला गेटबाहेर कसं बसवता? आन माझी कुणी नसली तर मला कशाला लिहिता?

ह्ये फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दोनदा ‘बरं’ म्हणता आन ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होता. म्हणून लिहायला बसलो. सातवीत शाळा सोडली तवा शांतवन मास्तर म्हणले होते, ह्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत. तेवढं सांभाळून घ्या. आज कारखान्याची भट्टी बंद हाय. खोलीत आम्ही सहा जण, पाच घोरून राहिलेत, मी फरशीच्या रिकाम्या खोक्यावर कागद ठेवलाय.

चर्चच्या पाळकसाहेबांचं मला कळतं, न्हाई असं न्हाई. त्यांची दोन्हीकडून पंचाईत. नीलम्मानं आपल्या आवारात राहून लिंग काढून ठेवलं तर अख्खं औसा म्हणणार, बघा, म्हातारी पडली आन चर्चवाल्यांनी बाटवली. तिनं रोज सकाळी खोलीत पूजा केली तर आपलीच मंडळी म्हणणार, बघा, प्रभूच्या आवारात दुसरा देव आणून बसवला. गेल्या साली कुणीतरी अर्ज दिलाच होता ना, की हे लोक खाटा आन वॉकर देऊन धर्म बदलवतात. हवालदार आला, तुम्ही त्याच्यापुढं तुमची वही ठेवली. खाट कुणाला दिली, बेडपॅन कुणाला दिलं, चाकाची खुर्ची कुठल्या गल्लीत हाय, कवा परत आली. सगळे रकाने होते, धर्माचा रकाना न्हवता. हवालदारानं वही मिटली, चहा घेतला, आन जाताना हळूच विचारलं, आमच्या सासऱ्यासाठी एखादी खुर्ची मोकळी हाय का. ती खुर्ची अजून त्याच्याकडंच हाय, पुनम सांगत होती. तुमच्या ह्या लेकीला अशा बातम्या बरोबर कळतात.

इथं खोलीत नरसिंग म्हणून एक जण हाय, इस्लापूरकडचा. त्यानं एकदा मला विचारलं, तुमच्या चर्चमध्ये नक्की करतात काय? मी लहानपणी पाठ केलेला विश्वासांगीकार म्हणायला लागलो, सर्वसमर्थ देव बाप, आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता, आन निम्म्यात अडकलो. मग त्याला तुमच्या वहीचं सांगितलं. तो म्हणला, म्हणजे मंडप-भांडीवाल्यासारखं, पण भाडं न घेता? मी म्हणलं हाव, तसंच. तो म्हणला, मग बाकीचं पाठ नसलं तरी चालतंय. मला लई राग आला त्याचा, आन रागासोबत छातीबी फुगली. कशानं ते कळलं न्हाई.

म्हणून मी पाळकसाहेबांवर चिडत न्हाई. ते तीन वर्षांखाली बदलून आलेत, आणखी दोनानं जातील. नीलम्मा कोण, ह्ये त्यांना ऐकून माहीत. तुम्हाला तर माहीत हाय. ती खोली कुणासाठी बांधली अण्णा? हंगामाच्या सणाला ज्याच्या घरी जे पहिलं पिकलं ते वेदीपुढं येतं, ज्वारी, तूर, भोपळे, कोंबड्या, अंडी, आन मग आवारात त्याचा लिलाव होतो. आधी तो सगळा पैका चर्चच्या खर्चाला जायचा. तो गल्लीसाठी वापरायचा, ह्यो नियम तुम्ही लावून घेतला. तुम्ही म्हणला होता, पहिलं फळ देवाचं, पण देव काही खात न्हाई, म्हणून ते शेजाऱ्यानं खायचं. तुम्ही भाषण करणारे न्हाईत. ह्ये एक वाक्य बोललात, आन त्याच्यावर खाटा आल्या, खुर्च्या आल्या, खोली उभी राहिली. ज्याला आजारपणात घर न्हाई त्याच्यासाठी. आता शिवशंकरनं, तिच्या पुतण्यानं, ती लातूरला दवाखान्यात पडलेली असताना तिच्या घराला कुलूप घातलं. डागडुजी काढलीय म्हणतो. त्याची डागडुजी म्हातारी मरेस्तोवर चालणार, ह्ये गल्लीतलं कुत्रंबी सांगील. मग त्या खोलीवर तिच्याइतका हक्क कुणाचा?

तुम्ही लिलावातल्या बोलीची गोष्ट दर सणाला सांगता, तुमच्या बाजूनं. आज मी तिच्या बाजूची लिहितो, कारण तिनं मला ती भाकरी वाढताना शंभरदा सांगितली. माझ्याआधीची दोन लेकरं गेली. मी वर्षाचा झालो, जगलो, म्हणून मंडळीतली जुनी रीत करायची ठरली. लेकराला सुपात निजवून भोपळ्यांच्या रांगेत ठेवायचं आन लिलावात पुकारायचं. लेकरू देवाचं झालं, आता बापानं बोली लावून ते देवाकडून परत घ्यायचं. लोक गंमत म्हणून पाच, सात, अकरा करतात, पण बापाची बोली आली की सगळे गप. मंडळीतल्या शेंबड्या पोरालाबी ह्ये ठाऊक. नीलम्माला ठाऊक न्हवतं. लिंगायताची बाई, नवरा गेलेला, पोटी काही न्हाई, आपल्या नळावर पाणी भरायची. त्या साली पहिल्यांदा, अख्खी गल्ली जाती म्हणून, तीबी शेरभर तूर घेऊन आली होती. तुम्ही एकवीस म्हणलात. शांतवन मास्तर पुकारून राहिले, एकवीस एकवार, एकवीस दोनवार. सगळे गप. नीलम्माला वाटलं, ह्या माणसांना लाज हाय का न्हाई. ‘कोंबडी साठला गेली आन लेकरू एकवीसला?’ म्हणून ती मागून ओरडली, ‘पंचवीस!’ ती मला सांगायची, मला तुला घ्यायचं न्हवतं रे बाबा, मला फकस्त तुझा भाव वाढवायचा होता.

सगळं आवार हसलं. तुम्ही न्हाई हसलात. तुमच्या खिशात एकवीसच होते, आन हातात असेल तेवढंच बोलायचं, उसनं घेऊन देवापुढं बोली लावायची न्हाई, ह्योबी नियमच. मागून कुणीतरी पाचाची नोट पुढं केली, तुम्ही हात मागं घेतला. मास्तरांनी तिसरा वार म्हणायला लई उशीर लावला म्हणतात. खोकले, पाणी प्याले, चष्मा पुसला. शेवटी तुम्हीच म्हणलात, ‘मास्तर, म्हणा आता.’ आन सुपासकट मला उचलून तिच्यापुढं ठेवलंत. आई रडायला लागली. नीलम्मा तिच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली, म्हणे मी काय करू याचं, माझ्याकडं शेळीसुदिक न्हाई दुधाची. मग बायकांनीच तोड काढली. लेकरू आईपाशीच राहील, पण दुपारची भाकरी नीलम्माकडं, आन सणाला कपडे नीलम्माचे. तुम्ही ते मंडळीच्या वहीत लिहून टाकलंत. लोक आठवड्यात विसरले असते अण्णा. तुम्ही विसरू दिलं न्हाई.

मग काय, शाळेत सगळ्यांसाठी मी ‘पंचवीस रुपये’. अय पंचवीस रुपये, बॉल टाक. अय पंचवीस रुपये, तुझी कुठली आई आली बघ डबा घेऊन. ती यायची खरी, उन्हातानात, कपाळावर तीन पट्टे, डब्यात ज्वारीची भाकरी आन शेंगाची चटणी. मला ती आई म्हण असं कधी म्हणली न्हाई. मी नीलम्माच म्हणायचो, ती हाव म्हणायची. आन माझ्या डोक्यात मात्र एकच किडा. पाच रुपये. बापानं पाच रुपये उसने घेतले न्हाईत म्हणून मी लोकाच्या घरी जेवतो. औशातून पुणे, पुण्यातून हैदराबाद, तिथून इथं, कुठंच बूड टेकलं न्हाई, आन दर ठिकाणी नव्या दोस्ताला मी हीच गोष्ट सांगायचो, की ज्याला बापानंच उचलून दिलं त्याला कुठली जागा आपली वाटणार. लोक हळहळायचे, चहा पाजायचे. लई चहा प्यालो मी तुमच्या नावावर.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हाई, चहा मिळाला नसता म्हणून. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाहेरगावचे एक पाहुणे उपदेशक आले होते. उपदेशाच्या मधीच त्यांची नजर मागं गेली, नीलम्मा चपलांपाशी बसली होती, विभूती लावून. ते म्हणले, ही बहीण कोण, हिनं बाप्तिस्मा घेतलाय का, कधी घेणार? सगळ्या मंडळीच्या माना मागं वळल्या. नीलम्मानं पदर पुढं ओढला. आन तुम्ही उठलात. उपदेश चालू असताना उभे राहिलात, जे तुम्ही जन्मात कधी केलं न्हाई, आन म्हणलात, ‘ती आमच्या मुलाची आई आहे. ती बसली आहे, तिला बसू द्या.’ येवढंच. आन खाली बसलात. तवा तुम्हाला कमिटी विचारावी लागली न्हाई अण्णा. मग आताच काय झालं?

पण आता मी तुम्हाला बोलून राहिलोय आन माझं मलाच हसू येतंय. कारण माझं सांगायचं अजून राहिलंय.

तुम्हाला वाटतं दोन वर्षांखाली मी तुमच्याशी भांडून गेलो. हैदराबादचं काम सोडून आलो, तुम्ही बोललात, मी बोललो, दुसऱ्या दिवशी बॅग उचलली. तसं न्हवतं. त्या सणाला लिलाव झाल्यावर सगळे पंगतीला बसले. मी थोडी घेतलेली होती, तुम्हाला वास आला नसेल, मी लांब बसलो होतो पोरांमध्ये. नीलम्मा हुग्गी घेऊन आली, गव्हाची खीर, घरून करून आणलेली, पहिली मलाच वाढायला. एक पोरगं म्हणलं, आली बघ पंचवीस रुपयेवाली. आन मी, सगळे ऐकतील असं, तिला म्हणलो, ‘पंचवीस रुपयात किती वर्षं मिरवणारेस गं? फिटले की सांग.’ पोरं हसली. तिनं पळी तशीच धरली वर. मग वाढली. वर तूप घातलं, शमू गरम हाय, फुंकून खा म्हणली, आन भांडं तिथंच ठेवून घरी गेली. त्यानंतर ती चर्चला आली न्हाई. तुम्ही मला पत्रात विचारलं होतं, नीलम्मा येत नाही, तुला काही ठाऊक आहे का. मी लिहिलं, मला काय ठाऊक.

आन ह्या सणाचं. पुनमनं व्हिडिओ कॉल लावला होता, मला भोपळे दाखवून राहिली होती, आई दिसली, तुम्ही पाठमोरे दिसलात. तेवढ्यात पुनम म्हणली, दादा, बघ कोण आलंय. गेटातून नीलम्मा येत होती. दोन वर्षांनी. हातात पिशवी, तुरीची असणार. पुनमनं लांबूनच हाक मारली, ‘शमू हाय फोनवर!’ आन ती सत्तरीची बाई पळायला लागली अण्णा. भोपळ्यांच्या मधून, पदर सावरत, हसत. मला तिचं तोंड दिसलं. आन मी फोन कट केला. मला तिच्याशी काय बोलावं ते सुचलं न्हाई, बोट आपोआप गेलं. दोन मिनिटांनी मीच परत लावला. पुनमनं उचलला, पण मोबाईलात नुसतं आभाळ दिसत होतं आन माणसांचा गलका. नंतर कळलं, ती पुनमपाशी पोचली, हातातला फोन बघितला, ‘कुठं गेला?’ म्हणली, आन त्या बंद फोनकडं बघत बघत पायरी चुकली. पुनम सगळ्यांना सांगती नेटवर्क गेलं. तुम्हीबी पत्रात तेच लिहिलंय, ‘नेटवर्क गेल्यामुळे घाईत पडल्या.’ नेटवर्क गेलं न्हवतं. चारी दांड्या होत्या.

तिथनं पुढं तुम्ही सगळ्यांनी काय केलं ते मला पुनम रोज सांगती. मंडळीतल्या तेरा जणींनी दवाखान्यात पाळ्या लावल्या. साखरेमुळं जखम भरेना म्हणून आई तिच्यासाठी वेगळी भाकरी करून एसटीनं लातूरला जाती. आन ऑपरेशनच्या फॉर्मवर रुग्णाशी नातं विचारलं तवा तुम्ही लिहिलंत, ‘तिच्या मुलाचे वडील.’ तिथल्या बाईंनी दोनदा वाचलं म्हणे आन पुनमकडं बघितलं, की हे म्हातारे शुद्धीवर हायत ना. मी इथं भट्टीपुढं उभा राहून ते ऐकलं. ज्याच्या नावावर तुम्ही सही केली तो मुलगा कुठं होता, ह्ये तुम्ही कुणाला सांगितलं न्हाई, मलाबी विचारलं न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर आता ह्ये पत्र कशासाठी. कमिटीचा कागद फाडा असं मी म्हणत न्हाई. तुम्ही नियम मोडलात तर मला तुमची वळख पटायची न्हाई, आन पाळकसाहेबांची भीतीबी खोटी न्हाई. आवार कमिटीचं हाय, आपलं घरबी आवारातच, कमिटीचंच. म्हणून आवाराबाहेर एक घर बघा, भाड्याचं, माझ्या नावावर. त्याच गल्लीत बघा, तिला वळखीची माणसं लागतात. दाराला पायरी नको, एकबी नको. खुर्चीसारखा बसायचा संडास पाहिजे, त्याशिवाय तिला जमणार न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय. खिडकी उगवतीकडं असली तर बरं, सकाळी पूजेला उजेड येईल. घरमालक विचारील, लिंगायताची बाई आन ख्रिश्चनाचं पोरगं एका घरात कसं, नातं काय. त्याला खरं ते सांगा, त्याला पटलं न्हाई तर दुसरं घर बघा. बायकांना म्हणा पाळ्या बंद करू नका, मला भाकरी थापता येत न्हाई. इथला हिशोब मी बारा तारखेला चुकता करून निघतोय. चौदाला लातूरला दवाखान्यात येतो, पंधराला तिला सुट्टी हाय. औशात काम बघीन, मिळेल ते, आन ह्या खेपेला कुठं जाणार न्हाई. फोन कुणी कापला ते तुम्ही तिला सांगू नका. ते मी सांगणार, खाटेपाशी बसून. आन ती हाव म्हणली तर तिला घेऊन घरी जाणार. घराच्या डिपॉझिटसाठी आन पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठी आजच पुनमच्या फोनवर पैसे टाकतोय, हातात हायत तेवढेच, चौदा हजार दोनशे रुपये.

तुमचाच,
शमुवेल